तुम्ही विचारलंत म्हणून: माशांना ऐकू येतं का?

घरी टँक बघायला आलेलं जवळपास प्रत्येक माणूस आधी काचेवर टकटक करतं आणि मग मला विचारतं, "काय ओ, यांना कान तरी असतात का?" असतात की! डोक्याच्या आत असतात, म्हणून दिसत नाहीत. माशाचं अंग आणि पाणी यांची घनता जवळपास सारखीच, त्यामुळं आवाज अंगातून आरपार जातो, पण आतल्या कानात चुन्याचे बारीक खडे असतात, ते जड, त्यामुळं ते जरा मागं राहतात आणि त्यांच्याखालच्या पेशींचे केस वाकतात, झालं, मेंदूला खबर लागली.

त्यात गोल्डफिश म्हणजे आपल्या उजनीतल्या रोहू-कटल्याचा भाऊबंद. या सगळ्यांच्यात पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, वेबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं 1820 साली तिचं वर्णन केलं. पिशवी थरथरली की ती थरथर हाडांवाटे सरळ कानात. चिलापी (तिलापिया) माशाकडं ही साखळी नाही, म्हणून तिच्यापेक्षा यांचे कान तिखट. मिशीवाल्या माशांनाही ही साखळी असते. कार्ल फॉन फ्रिश या प्राणीशास्त्रज्ञानं एका आंधळ्या मिशीवाल्या माशाला खायला देताना रोज शिट्टी वाजवली, काही दिवसांनी तो नुसत्या शिट्टीवर लपायच्या जागेतून बाहेर यायला लागला. 1923 ची गोष्ट आहे ही, तरी आपण अजून विचारतोय!

आणि मासे बोलतात पण. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो, हवेच्या चौपटीहून जास्त, आणि गढूळ पाण्यात डोळ्याला काही दिसत नाही तिथंही आवाज पोचतोच. चिलापीचा नर मादीला बोलावताना हलकं गुरगुरतो. बरेच मिशीवाले मासे कल्ल्यामागचा काटा खोबणीत घासून करकर करतात, हातात धरलं तरी ऐकू येतं. टोडफिश नावाच्या समुद्री माशाचा नर तर हवेच्या पिशवीचे स्नायू सेकंदाला शंभराहून जास्त वेळा आखडून मादीला हाक मारतो, मला हे फारच भारी वाटतं.

आपल्या बोलण्याचा त्रास त्यांना फारसा नाही, हवेतला आवाज बहुतेक पाण्यावरूनच माघारी फिरतो. पण काचेवरची टकटक थेट पाण्यात उतरते, आणि गणपतीत डॉल्बी दारावरनं गेला की जमिनीची थरथर स्टँडमधून टँकमध्ये जाते, नदीतला मासा लांब पळेल, हे कुठं जाणार? म्हणून स्टँड भिंतीला चिकटवू नका, टँकखाली फोम घाला, एअर पंप वेगळा ठेवा. पोरांना खुशाल टँकजवळ बसू द्या, हात तेवढा काचेला लावू देऊ नका.