लेकीचा डिप्लोमा: जानेवारी ते जुलै

आमचे हे गवंडीकाम करतात. लेक लहानपणी सुट्टीत त्यांच्याबरोबर साइटवर जायची, ओळंबा धरायची. दहावीला ती म्हणाली, "मला सिव्हिलचा डिप्लोमा करायचाय." घरात लगेच चर्चासत्र सुरू झालं. माझा भाऊ म्हणाला, सायन्स घ्या, मेडिकलची नीट परीक्षा द्या. नणंदेचं म्हणणं, मुलीच्या जातीला उन्हातान्हात काम कसलं, कॉम्प्युटरला घाला. मला काहीच सुचेना.

शेवटी जानेवारीत, बोर्डाच्या परीक्षेआधी, आम्ही तिघं कऱ्हाडच्या शासकीय तंत्रनिकेतनात, म्हणजे डिप्लोमाच्या सरकारी कॉलेजात गेलो. परवानगी मागितली, तर एका सरांनी स्वतः फिरवून दाखवलं. प्रयोगशाळेत मुलं काँक्रीटचे ठोकळे मशीनमध्ये दाबून फोडत होती. प्रत्येक ठोकळा 150 मिलिमीटरचा, 28 दिवस पाण्यात ठेवलेला. यांनी विचारलं, "एम 20 काँक्रीट म्हणजे आमचं सिमेंट-वाळू-खडी एक-दीड-तीनच ना?" सर हो म्हणाले, आणि 20 हा आकडा काँक्रीटच्या ताकदीचा, हे समजावून सांगितलं. वीस वर्षं हाताने कालवलेल्या मालाची ताकद अशी मोजतात, हे यांनी तिथे पहिल्यांदा पाहिलं. परतताना एसटीत ते एवढंच म्हणाले, "घालू हिला."

मलाही तिथेच बऱ्याच गोष्टी कळल्या. तीन वर्षांचा डिप्लोमा, वेगळी प्रवेश परीक्षा नाही, दहावीच्या गुणांवर यादी लागते. मुलींना 30 टक्के जागा. पुढे शिकायचं तर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. नोकरी करायची तर बांधकाम खात्यातल्या कनिष्ठ अभियंत्याच्या परीक्षेला हीच पदविका चालते. हे आधी कुणी सांगितलं असतं तर निम्मी भांडणं झालीच नसती.

दहावीला 83 टक्के पडले. खरी धावपळ कागदपत्रांची. आम्ही ओबीसी. आरक्षणासाठी लागणारा नॉन-क्रिमीलेअर दाखला (घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा) घरात होता म्हणून मी निर्धास्त होते. प्रवेशाच्या सुविधा केंद्रावर कागद तपासताना कळलं की त्याची मुदत 31 मार्चलाच संपली होती. प्रवेशाच्या वर्षासाठी तो पुढच्या 31 मार्चपर्यंत वैध लागतो, नाहीतर मूल खुल्या गटात धरलं जातं. चूक माझीच, तारीख वाचली नव्हती. मग तहसीलचा तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला, सेतूत अर्ज, प्रांत कार्यालयाची सही. दाखला मुदतीच्या अगदी तोंडावर हाती आला. ते दिवस मी जेवले कशी, मलाच माहीत नाही. तुमचं मूल यंदा दहावीत असेल तर एप्रिल उजाडताच हा अर्ज करा, निकालाची वाट बघू नका.

त्यानंतर पसंतीक्रमाचा फॉर्म, म्हणजे कोणतं कॉलेज, कोणती शाखा हवी त्याची क्रमाने यादी. नातेवाइकांचं मन राखायला मी पहिल्या क्रमांकावर कॉम्प्युटर टाकलं होतं, सिव्हिल दुसरं. वाटलं, मिळालं तर मिळालं, नाहीतर सिव्हिल आहेच. लेक फॉर्म बघून गप्प झाली. मग म्हणाली, "आई, कॉम्प्युटरला नंबर लागला तर?" सुविधा केंद्रातल्या मॅडमना विचारलं. पहिली पसंती मिळाली की जागा पक्की होते, पुढच्या फेऱ्यांत बदल नाही. माझ्या अंगावर काटा आला. त्यांनी आणखी एक समजावलं: वरचं मिळालं नाही म्हणून खालच्या पसंतीची संधी कमी होत नाही. तेव्हा गेल्या वर्षीचा कटऑफ बघून क्रम लावायचा नाही, जे मनापासून हवं ते सगळ्यात वर. फॉर्म अजून पक्का केलेला नव्हता. कऱ्हाडचं सिव्हिल पहिलं केलं आणि मोबाइल लेकीच्या हातात दिला. पक्का तिनेच केला.

पहिल्या फेरीत दुसऱ्या पसंतीची जागा मिळाली. ती स्वीकारून वरच्या पसंतीसाठी थांबता येतं, तसं थांबलो. दुसऱ्या फेरीत कऱ्हाड लागलं. मेसेज आला तेव्हा हे स्लॅबवर होते. फोनवर नुसतं "बरं झालं, बरं झालं" म्हणत राहिले.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या रविवारी साइटवर जाऊन तिने यांना विचारलं, "बाबा, एका पोत्याला पाणी किती घालता?" अंदाजाने, म्हणाले. मग तिने बादली मापून घेतली, आणि दिवसभर हे प्रत्येक मालाला तिला आकडा सांगत होते.