स्टार, डेल्टा आणि मॅक्रोतली यादी

स्टेट मशीन (यंत्राच्या ठरावीक अवस्था आणि कुठल्या घटनेनं कुठे जायचं याचा आराखडा) शिकवताना सगळे ट्रॅफिक सिग्नल काढून बसतात. मी शेतीपंपाचा स्टार-डेल्टा स्टार्टर काढतो, म्हणजे मोटर आधी 'स्टार' जोडणीत कमी दाबावर उठवून मग 'डेल्टा'त पूर्ण दाबावर नेणारा डबा. सिग्नल चुकला तर फार तर हॉर्न वाजतील. इथे स्टारचा कॉन्टॅक्टर (कॉइलनं ओढला जाणारा मोठा स्विच) पुरता सुटायच्या आत डेल्टाचा बसला की तिन्ही फेज एकमेकांना भिडतात आणि पॅनेलच्या दाराला आतून काळा डाग पडतो. कॉइलच्या वायरिंगमध्ये इंटरलॉक, म्हणजे एक बसलेला असताना दुसरा बसू न देणारी जोडणी, असतोच, पण त्याच्या जिवावर प्रोग्राम ढिला लिहायचा नसतो.

कुपवाडच्या एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे आणि आम्ही हेच बनवतो: मोबाइलवरून चालू-बंद होणारा स्टार्टर. आत एटीमेगा ३२८पी हा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे फ्लॅश ३२ केबी आणि रॅम २ केबी. नव्या पोरांना हा आकडा सांगितला की आधी हसतात, मग विचारतात, आरटीओएस (अनेक कामं वाटून चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) कुठली टाकायची? कुठलीच नाही. प्रत्येक टास्कला वेगळा स्टॅक द्यायचा म्हटलं की दोन केबी बघता बघता संपतात. एक अनंत लूप, एक टायमर इंटरप्ट आणि बाकी सगळं सी प्रीप्रोसेसर, म्हणजे कंपाइल व्हायच्या आधी मजकुराची अदलाबदल करणारा टप्पा.

मोटरच्या अवस्था अशा. फाइलमध्ये नावं रोमन आहेत, इथे वाचायला सोपी म्हणून देवनागरीत देतो. (जीसीसी या कंपायलरच्या आवृत्ती १० पासून देवनागरी नावं थेट चालतात, पण गिऱ्हाइकाच्या जुन्या टूलचेनशी भांडायची माझी तयारी नाही.)

एक्स(बंद) \
एक्स(थांबा) \
एक्स(स्टार) \
एक्स(मोकळा) \
एक्स(डेल्टा) \
एक्स(अडला)

'थांबा' कशाला, असं शहरातला माणूस हमखास विचारतो. आमच्याकडे शेताची थ्री फेज ठरलेल्या तासांनाच येते, बरेचदा रात्री. सगळ्यांनी मोटर ऑटोवर टाकलेली. वीज आली की डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि डीपीचा फ्यूज जातो. म्हणून आमचा डबा आपल्या सिरियल नंबरवरून काढलेला वेळ थांबतो आणि मगच स्टारमध्ये जातो. स्टारमध्ये वाइंडिंगला लाइन व्होल्टेजच्या सुमारे ५८ टक्के मिळतात, त्यामुळे सुरुवातीचा करंट थेट डेल्टाच्या तुलनेत एक तृतीयांशावर येतो. काही सेकंदांत मोटर वेग धरते. मग स्टार सोडायचा, क्षणभर दोन्ही कॉन्टॅक्टर उघडे ठेवायचे आणि नंतर डेल्टा. ती मधली फट म्हणजे 'मोकळा'. बरेच जण ती फट स्टारच्या कोडमध्ये डिले घालून उरकतात. मला ते पटत नाही. डिलेमध्ये अडकलेल्या प्रोसेसरला त्याच वेळी फेज गेलेली दिसत नाही.

आता वरची यादी. हा एक मॅक्रो आहे, म्हणजे नाव घेतलं तिथे ओतला जाणारा मजकूर, आणि गंमत अशी की त्यात 'एक्स' म्हणजे काय हे कुठेच ठरवलेलं नाही. ते वापरताना ठरतं. एकदा 'एक्स'चा अर्थ 'नाव आणि स्वल्पविराम' असा करून यादी ओतली की ईनम (नावांना क्रमानं आकडे देणारी यादी) तयार. मग एक्स अनडेफ (रद्द) करायचा, दुसऱ्यांदा 'हॅश नाव' असा अर्थ द्यायचा, म्हणजे तेच नाव अवतरणात येतं, आणि तीच यादी पुन्हा ओतायची: एसएमएसमध्ये पाठवायच्या नावांचा अ‍ॅरे तयार. नवी अवस्था घातली की दोन्हीकडे आपोआप जाते, क्रमही तोच राहतो. ईनममध्ये सात आणि नावांत सहा असा प्रकार घडूच शकत नाही. याला एक्स-मॅक्रो म्हणतात आणि सीमध्ये ही युक्ती बरीच जुनी आहे.

दुसरी यादी बाणांची: कुठल्या अवस्थेत, कुठली घटना आली, तर कुठे जायचं आणि जाताना काय करायचं.

बाण(थांबा, वेळ_संपली, स्टार, स्टार_ओढ)
बाण(स्टार, वेळ_संपली, मोकळा, सगळे_सोड)
बाण(मोकळा, वेळ_संपली, डेल्टा, डेल्टा_ओढ)
बाण(डेल्टा, फेज_गेली, अडला, सगळे_सोड)

अशा ओळी अजून बऱ्याच. यातून द्विमितीय तक्ता बनतो. सहा अवस्था, सात घटना, प्रत्येक घरात एक बाइट पुढची अवस्था आणि दोन बाइट फंक्शनचा पत्ता: १२६ बाइट. एव्हीआरवर (एटीमेगाचं कुटुंब) नुसतं कॉन्स्ट लिहून हा तक्ता फ्लॅशमध्ये राहत नाही, रॅममध्ये येतो. फ्लॅशमध्येच ठेव असं सांगणारं प्रोगमेम लावावंच लागतं आणि वाचतानाही त्याचीच फंक्शनं वापरावी लागतात. ज्या घरात बाण नाही तिथे फंक्शनचा पत्ता शून्य असतो. लूप तो बघून घटना सोडून देतो.

यात एक खाच आहे. एकाच घरात दोन बाण लिहिले तर सी तक्रार करत नाही, नंतरचा मुकाट्यानं जिंकतो. म्हणून जीसीसीला डब्ल्यू-एक्स्ट्रा (जादा वॉर्निंगचा पर्याय) द्यायचंच. त्यातली ओव्हरराइड-इनिटची वॉर्निंग नेमकी हेच पकडते. अवस्थेवर कुठे स्विच लिहिलात तर त्यात डिफॉल्ट घालू नका, म्हणजे विसरलेली अवस्था डब्ल्यू-ऑल दाखवून देईल.

आमच्याकडे नवीन लागलेल्या मुलीनं हे पाहून सरळ विचारलं, "सर, हे डीबगरमध्ये कसं बघायचं? सगळं एकाच ओळीवर थांबतंय." प्रश्न बरोबर होता. मॅक्रो कितीही लांब असला तरी कंपायलरच्या लेखी तो एक ओळ, त्याच्या आत पाऊल टाकता येत नाही. म्हणून मी मॅक्रोत फक्त याद्या ठेवतो. जर-तर आलं की ते साध्या फंक्शनमध्ये. तक्त्याच्या आत शिरायची गरजच नसते, तो छापून बघता येतो. आणि मॅक्रोचं काय झालं असा संशय आला की जीसीसी डॅश कॅपिटल ई. विस्तारलेली फाइल वाचायला कंटाळा येतो, पण ती खोटं बोलत नाही.

मॉडेमचं (डब्यातल्या, एसएमएस पाठवणाऱ्या भागाचं) प्रकरण मात्र या तक्त्यात बसवायचा प्रयत्न करू नका. एसएमएस पाठवायचा म्हणजे एटी म्हणा, ओके येऊ द्या, टेक्स्ट मोड लावा, ओके, नंबर द्या, मोठेपणाच्या चिन्हाची वाट बघा, मजकूर, शेवटी २६ नंबरचं अक्षर, पुन्हा ओके. याच्या अवस्था केल्या तर डझनभर नावं होतात आणि प्रत्येकाचा अर्थ एवढाच, 'आधीचं झालं'. हे काम वरून खाली वाचता आलं पाहिजे.

त्यासाठी दुसरी युक्ती. टॉम डफनं १९८३ मध्ये लुकासफिल्ममध्ये असताना स्विचच्या केस-लेबलांमध्ये डू-व्हाइलचा लूप गुंफला. केस कुठल्याही आतल्या ब्लॉकमध्ये लिहिलेली सीला चालते, हे तेव्हा भल्याभल्यांच्या लक्षात नव्हतं. त्या शोधाबद्दल आपल्याला अभिमान आणि किळस दोन्ही वाटतं, असं त्यानं तेव्हाच लिहून ठेवलं. स्विच वापरून इंटरप्टवर चालणारी स्टेट मशीन करायची आणखी एक ओंगळ रीत आपल्याकडे आहे, पण ती सांगण्यासारखी नाही, असंही त्यात आहे. पुढे २००० मध्ये पुटी हा दूरच्या संगणकाशी जोडणारा प्रोग्राम लिहिणाऱ्या सायमन टॅटमनं केसच्या आकड्याच्या जागी लाइन नंबरचा मॅक्रो वापरून सीमध्ये कोरूटीन (मध्येच थांबून पुन्हा तिथूनच सुरू होणारी फंक्शनं) करून दाखवले, आणि स्वीडनच्या अ‍ॅडम डंकेल्सनं त्याच धर्तीवर प्रोटोथ्रेड्स आणले. एका थ्रेडला दोन बाइट रॅम. आमच्यासारख्यांना आणखी काय पाहिजे?

आत काय होतं ते बघा. समजा फाइलच्या ४२व्या ओळीवर 'वाट_बघ(ओके_आला)' लिहिलंय. त्याचा विस्तार साधारण असा: ओळ = ४२; केस ४२: ओके आला नसेल तर रिटर्न. पहिल्यांदा प्रोग्राम वरून चालत येतो, ४२ लिहून ठेवतो आणि ओके नसल्यानं बाहेर पडतो. लूपच्या पुढच्या फेरीत फंक्शनच्या तोंडाशी असलेला स्विच थेट ४२ वर उडी मारतो आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतो. ओके आला की खालच्या ओळीवर. मधल्या काळात मोटरचा तक्ता आपलं काम करत असतो, कुणी कुणाला अडवत नाही.

किंमत मोजावी लागते. रिटर्न झालं की लोकल व्हेरिएबल गेली, त्यामुळे वाट बघताना टिकायला हवं ते स्टॅटिक करा. दोन 'वाट_बघ' एका ओळीवर लिहिले तर डुप्लिकेट केस म्हणून कंपायलर अडेल, ते बरंच आहे. 'वाट_बघ' आपल्या स्वतःच्या स्विचच्या आत लिहिलंत तर केस चुकीच्या स्विचला चिकटते. हे जास्त वाईट, कारण कंपायलर बरेचदा गप्प बसतो. आणि गिऱ्हाईक मिस्रा (गाड्यांच्या सी कोडसाठी निघालेली नियमावली) मागणारं असेल तर विषयच संपला: २०१२च्या आवृत्तीतला १६.२ नंबरचा नियम आतल्या ब्लॉकमधल्या केसला मनाई करतो आणि २०.१०चा सल्ला हॅश वापरू नका म्हणतो. शेतकऱ्याच्या स्टार्टरला मिस्रा कुणी मागत नाही. गाडीच्या ब्रेकचं काम असतं तर मीही हे केलं नसतं.

बाणांच्या यादीचा अजून एक उपयोग नंतर सुचला. तीच फाइल पीसीवर कंपाइल करायची, 'बाण'चा अर्थ प्रिंटएफ असा द्यायचा आणि निघालेला मजकूर ग्राफविझ या आकृत्या काढणाऱ्या प्रोग्रामला खायला घालायचा. अवस्थांचं चित्र मिळतं, ते हातानं काढलेलं नसल्यामुळे कोडशी तंतोतंत जुळतं. हल्ली त्याची प्रिंट पॅनेलच्या दाराला आतून चिकटवतो. वाळव्याकडचे एक वायरमनमामा परवा फोनवर म्हणाले, "साहेब, अडलावरनं थांबाला बाण न्हाई तुमच्या. फेज परत आली तर मोटर आपली आपण उठायची न्हाई काय?" नाहीच उठायची. ओव्हरलोडनं अडलेली मोटर माणसानं येऊन बघितल्याशिवाय सुरू होता कामा नये. पण नुसती फेज गेली असेल तर त्यांचं म्हणणं रास्त आहे, म्हणून पुढच्या आवृत्तीत 'अडला'च्या दोन अवस्था करतोय. यादीत एक्सची एक ओळ आणि बाणांच्या चार.