११४वा दिवस

गाभण डुकरिणीचे दिवस आम्ही बोटांवर मोजतो. तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस, म्हणजे ११४. आमची थोरली डुकरीण लार्ज ब्लॅक या जुन्या जातीची. अंगाने काळी, आणि कान एवढे लोंबते की डोळे झाकून जातात. त्या दिवशी दुपारपासून ती तोंडात पेंढा धरून कोपऱ्यात नेऊन टाकत होती. संध्याकाळी सड दाबून पाहिला, तर चिकाची धार लागली.

रात्री वादळ झालं आणि वीज गेली. जनरेटर काही केल्या सुरू होईना. पिल्लांसाठी लावलेला दिवा विझला आणि उबवणी यंत्रही बंद पडलं. त्यात कोंबडीची २४ अंडी होती, १९व्या दिवसाची.

आई म्हणाली, "तू डुकरिणीपाशी बस. अंड्यांचं मी बघते."

डुकराच्या नवजात पिल्लाला ३२ ते ३४ अंश ऊब लागते, पण तेवढ्या उष्णतेत डुकरीण धापा टाकते. म्हणून दिवा कठड्यापलीकडे, पिल्लांच्या कोपऱ्यात असतो. तो नसला की पिल्लं आईच्या अंगाला बिलगतात आणि तिच्याखाली चिरडतात. मी गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून त्या कोपऱ्यात ठेवल्या. पिल्लं उचलून घरात न्यायचा मोह होत होता. पण डुकराच्या पिल्लाला रोगाशी लढायची ताकद पोटात असताना वारेतून मिळत नाही, ती चिकातूनच मिळते, आणि तीही पहिल्या दिवसभरातच. आईपासून त्यांना तोडणं शक्य नव्हतं.

सहावं पिल्लू पडद्यात गुरफटूनच बाहेर आलं. श्वास नव्हता. तोंड पुसलं, पेंढ्याने अंग खसाखसा चोळलं, परत चोळलं. मग एक बारीक चीं ऐकू आली आणि माझेच हात थरथरायला लागले. एकूण नऊ झाली, त्यातलं एक मेलेलंच आलं.

तासाभराने डुकरीण उठली. मी घाबरून पुढे सरसावलो, कारण चिरडणं बहुतेकदा होतं ते ती परत बसताना. ती थांबली, घुरघुरली, नाकाने पिल्लांना एकेक करून बाजूला सारलं. मग पुढचे गुडघे टेकले आणि हळूहळू, भिंतीला पाठ घासत खाली आली. पहाटेपर्यंत तिने हे तीनदा केलं. तिसऱ्या वेळी मी जागचा हललो नाही.

उजाडताना आई आली. तिने अंधारातच दोन खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबड्यांच्या पोटाखाली बारा-बारा अंडी सरकवली होती. अंधारात कोंबडी कुरकुर करत नाही. शिवाय १९व्या दिवशी आतल्या पिल्लाची स्वतःची थोडी ऊब असते, त्यामुळे तासभर गार पडलेली अंडीही तग धरतात. जास्त अंड्यांसाठी निवडत आणलेल्या कोंबड्यांत खुडूक बसणं जवळजवळ उरलेलं नाही. आमच्या या जुन्या जातीत ते टिकून आहे. खुडूक कोंबडी अंडी देणं थांबवते, म्हणून त्याच दोघींना जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात ठेवून त्यांची खुडूक मोडायची, असं मी आठवड्यापूर्वी म्हणत होतो. आईने मोडू दिली नाही.

दोन दिवसांनी १९ पिल्लं निघाली. डुकरिणीची आठही जगली. सहावं आता पुढून दुसऱ्या सडावर कुणालाच फिरकू देत नाही.