मेथीचा वास

आमच्या घरी, गोव्यातल्या चोडण बेटावर, बाळंतिणीला मेथीची पेज देतात. पाचव्या दिवशी लेकीच्या लंगोटाला गोडसर, करपलेल्या साखरेसारखा वास आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तू मेथी खातेस ना, तीच उतरलीय दुधात." मलाही पटलं.

त्याच संध्याकाळी तिनं दूध ओढायचं सोडलं. रात्री रडणं बारीक, चिरकं झालं. मान मागे ताणली जायची आणि पाय सायकल मारल्यासारखे फिरत राहायचे. एका खाजगी दवाखान्यात जंतुसंसर्ग धरून उपचार सुरू झाले आणि त्यात दोन दिवस गेले. ते दोन दिवस आठवले की अजून पोटात खड्डा पडतो.

मग बांबोळीला, गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात. तिथल्या डॉक्टरबाईंनी कापसाची काडी तिच्या कानात हलकेच फिरवली आणि नाकाशी धरली.

"मेथी शेवटची कधी खाल्लीत?"

"दोन दिवस झाले. दवाखान्यात कोण देणार?"

"मग हा वास तुमचा नाही, बाळाचाच आहे."

मेपल सिरप युरीन डिसीज, म्हणजे लघवीला मेपलच्या गोड पाकासारखा वास येणारा आजार. हा वास देणारा सोटोलोन हाच पदार्थ मेथीतही असतो, म्हणून घरोघरी अशी गफलत होते. प्रथिनांतली ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तीन अमिनो आम्लं पचवून संपवणारं विकर (एन्झाइम) तिच्या शरीरात चालत नव्हतं. सदोष जनुक आम्हा दोघांकडूनही आलेलं. आम्हाला मात्र कधी काही झालं नाही. प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची चारात एक शक्यता.

"पण डोक्यावर परिणाम का?" मी विचारलं. मी चोडणची म्हटल्यावर बाईंनी फेरीबोटीचंच उदाहरण दिलं. रक्तातून मेंदूत जायला या आम्लांना एकच वाहतूक आहे. ल्युसिनची गर्दी झाली की बोट तेच भरून टाकतं, टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन ही दुसरी आम्लं धक्क्यावरच राहतात. त्यांच्यापासून मेंदू डोपामिन आणि सेरोटोनिन ही निरोप पोचवणारी रसायनं बनवतो. शिवाय ल्युसिनपासून होणारं कीटो आम्ल पेशींची ऊर्जाच तोडतं, मेंदूला सूज येते. रायबंदरच्या धक्क्यावर तासन्‌तास खोळंबलेल्या बाईला याहून वेगळं समजवावं लागलं नाही.

दूध पूर्ण बंद. ग्लुकोजचं सलाईन, डायलिसिस, आणि नंतर ही तिन्ही आम्लं नसलेली पावडर. नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं: आयसोल्युसिन आणि व्हॅलिन थोडं थोडं परत द्यावं लागलं. ती फार घटली तर शरीर नवी प्रथिनं बांधू शकत नाही, आणि ल्युसिन खर्चच होत नाही. बाराव्या दिवशी तिनं माझं बोट घट्ट धरलं.

पावडरीच्या खर्चाचं विचाराल तर 2021च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात हा आजार आहे आणि मुंबईचं केईएम हे त्यातलं एक केंद्र आहे. कागदपत्रांच्या फेऱ्या मात्र आपल्यालाच माराव्या लागतात. नेटानं माराव्या.

आता ती तीन वर्षांची आहे. दिवसाला 400 मिलिग्रॅम ल्युसिन, एवढीच तिची मुभा. शंभर ग्रॅम शिजवलेल्या भातात सुमारे 220 जातं. तेवढ्याच बांगड्यात दीड ग्रॅम. हुमणाचा, म्हणजे माशांच्या कालवणाचा, वास आला की ती ताट घेऊन येते. तिचा वाटा म्हणजे काट्यावर तोललेला भात आणि सोलकढी, तीही नारळाचा रस मोजून घातलेली.

जेवणापेक्षा मला तापाची धास्ती जास्त. ताप आला, पोट रिकामं राहिलं की शरीर स्वतःचेच स्नायू मोडतं आणि ल्युसिन आतूनच वाढतं. गेल्या पावसाळ्यात दोन उलट्या झाल्या आणि ती चालताना झोकांड्या देऊ लागली. कान हुंगला. वास होता. बाईंनी लिहून दिलेली चिठ्ठी पिशवीत कायम असते. साखरेचं पाणी पाजत पहिली फेरीबोट गाठली आणि कॅज्युअल्टीत सगळ्यात आधी ती चिठ्ठीच पुढे केली. तासाभरात ग्लुकोज लागलं. चौथ्या दिवशी तिनं पेज मागितली. चाळीस ग्रॅम दिली.