आधीचे नाव खोडायचे नाही

आमच्या घरातील 14 मुले या शाळेत शिकली आणि त्यांतील बहुतेकांच्या प्रगतिपुस्तकांवर पालक म्हणून एकच सही आढळेल, ती माझ्या आजीची. ती स्वतः कधी शाळेत गेली नव्हती. थोरल्या नातवाच्या पाटीवर गिरवून गिरवून तिने आपले नाव तेवढे लिहायला शिकून घेतले होते. सही करण्यापूर्वी ती प्रत्येकाला त्याचे गुण मोठ्याने वाचायला लावी, आणि तिच्यासमोर खोटा आकडा सांगण्याचे धाडस आमच्यापैकी कोणालाही कधी झाले नाही.

चार मुलगे, सुना, नातवंडे आणि आश्रयाला आलेली एक विधवा नणंद अशा मोठ्या घराचा भार तिने वाहिला. लोक तिला कर्तबगार म्हणत. मला मात्र तिचा मोठेपणा तिच्या मोजदादीत दिसतो. रात्री दाराला कडी घालण्यापूर्वी ती अंथरुणांवरून एकदा नजर फिरवी आणि कोण अजून आलेले नाही, कोण न जेवताच झोपले आहे, हे तिला न विचारता कळे.

वार्षिक परीक्षा संपली की ती आमच्या जुन्या वह्यांतील कोरी पाने सोडवून एकत्र करी, दाभणाने तीन भोके पाडून जाड दोऱ्याने ती शिवी आणि त्यांच्या नव्या वह्या तयार करी. पाठ्यपुस्तके थोरल्याकडून धाकट्याकडे जात. कोणते पुस्तक कोणत्या इयत्तेचे, हे ती आतल्या चित्रांवरून ओळखी. सुटलेली पाने खळीने चिकटवून प्रत्येक पुस्तकाला वर्तमानपत्राचे नवे वेष्टन घाली. पहिल्या पानावर नाव घालताना तिचा एकच नियम असे : आधीचे नाव खोडायचे नाही, त्याखाली आपले लिहायचे.

माझा एक चुलत भाऊ सातवीत असताना तापाने गेला. पुढच्या वर्षी त्याची पुस्तके माझ्याकडे यायची होती. काकूला ती पाहवत नव्हती, म्हणून ती माळ्यावर टाकावीत असे घरात ठरत होते. आजीने तो गठ्ठा स्वतः खाली आणवला, गणिताचे पुस्तक उघडले, त्याच्या नावावरून बोट फिरवले आणि मला म्हणाली, "दादाचं आहे. खाली तुझं लिही." माझे अक्षर त्या दिवशी वेडेवाकडे आले, त्याच्या ठसठशीत अक्षरांखाली ते आजही तसेच आहे.

पुढे अभ्यासक्रम बदलला आणि ती सारी पुस्तके निरुपयोगी ठरली, याचे तिला मनापासून वाईट वाटले होते. शेवटच्या आजारात तिला माणसे नीट ओळखू येईनाशी झाली, तरी आम्हा सर्वांची नावे ती वयाच्या क्रमाने घेत असे, आणि त्या क्रमात तो भाऊ प्रत्येक वेळी आपल्या जागी येई.

या स्मरणिकेसाठी शाळेने आमच्या घरातील माजी विद्यार्थ्यांची नावे मागवली, तेव्हा ती यादी मीच लिहून पाठवली. तिच्यात 14 नावे आहेत. त्याचे माझ्या वर आहे.