डेकखाली स्कंक, अंगणात कुत्रा

जूनच्या शेवटी, रात्री साडेदहाला, आमच्या न्यू जर्सीतल्या घराच्या मागच्या अंगणात लॅब्रॅडॉरवर स्कंकने, म्हणजे मांजराएवढ्या एका काळ्या-पांढऱ्या प्राण्याने, उग्र वासाचा फवारा सोडला. डेकखालचं, म्हणजे घरामागच्या लाकडी ओट्याखालचं, स्कंकचं भोक मी बुजवलं ते ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात. मधे इतकं थांबायला कारण होतं, ते पुढे येईलच. आधी वासाचं बघू, कारण त्यात पहिला तास फार महत्त्वाचा.

भारतात स्कंक नाहीत. त्यामुळे इकडे नव्याने आलेल्या मराठी माणसाला हा वास आला की गॅस गळतोय असंच वाटतं. नाक तसं बरोबरच सांगत असतं. सिलिंडरच्या गॅसला वास यावा म्हणून त्यात इथिल मरकॅप्टन घालतात, आणि स्कंकच्या फवाऱ्यातली मुख्य द्रव्यं त्याच कुळातली, म्हणजे गंधकयुक्त थायॉल. म्हणून कुत्रा स्वच्छ असूनही घरात असा वास आला, तर स्कंकवर ढकलून मोकळं होऊ नका, आधी गॅसची खात्री करा.

फवारा तेलकट असतो, नुसत्या पाण्याने जात नाही. शिवाय त्यात थायोअॅसिटेट नावाची संयुगं असतात. त्यांना स्वतःचा वास कमी, पण पाणी लागलं की त्यांचं हळूहळू थायॉल होतं. कुत्रा पावसात भिजला की पंधरा दिवसांनीही वास परत येतो, तो यामुळे. म्हणून त्याला आधी पाण्याने अंघोळ घालू नका आणि घरात तर मुळीच घेऊ नका. टोमॅटोचा रस अंगाला चोळणं हा इथला जुना उपाय, पण त्याने थायॉल तसंच राहतं. थोड्या वेळाने आपलं नाक सरावतं आणि वास गेला असं वाटतं, इतकंच.

उपयोगी पडतं ते पॉल क्रेबॉम या रसायनतज्ज्ञाचं मिश्रण. ते 1993 मध्ये ‘केमिकल अँड इंजिनिअरिंग न्यूज’मध्ये छापून आलं होतं. प्रमाण असं: 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड 1 क्वार्ट (सुमारे 950 मिली, औषधांच्या दुकानात तपकिरी बाटलीत मिळतं), पाव कप खाण्याचा सोडा आणि 1 ते 2 चमचे भांडी घासायचं लिक्विड. लॅब्रॅडॉरएवढ्या कुत्र्याला दुप्पट लागतं. सोड्याने मिश्रण अल्कधर्मी होतं, त्यात पेरॉक्साइड थायॉलचं ऑक्सिडीकरण करतं, आणि उरतात ती वास नसलेली, पाण्यात विरघळणारी संयुगं. लिक्विडमुळे तेल फुटतं, नाहीतर मिश्रण केसांवरून नुसतं ओघळून जातं.

चुका इथेच होतात. बेकिंग पावडर किंवा धुण्याचा सोडा चालत नाही, खाण्याचाच हवा. केस रंगवायचं पेरॉक्साइड जास्त तीव्र असतं, त्याने कातडी भाजते. बरेच दिवस उघडी पडलेली बाटली निकामी झालेली असते. आणि मिश्रण कधीही झाकून किंवा बाटलीत भरून ठेवू नका. त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो, बाटली फुटते. उघड्या बादलीत बनवायचं, लगेच वापरायचं, उरलं तर भरपूर पाणी घालून ओतून द्यायचं.

अंगाला लावण्याआधी डोळे बघा. लाल झाले असतील, कुत्रा पंजाने चोळत असेल तर साध्या पाण्याने किंवा सलाइनने दहा-पंधरा मिनिटं धुवा. मग हातमोजे घालून कोरड्या केसांत मिश्रण कातडीपर्यंत चोळा. फवारा बहुधा तोंडावर आणि छातीवर बसतो, तिथे जास्त वेळ द्या. तोंडाला स्पंजने हलक्या हाताने लावा, डोळ्यांत, कानांत, तोंडात जाऊ देऊ नका. पाच मिनिटं ठेवा, त्याला चाटू देऊ नका, मग कोमट पाण्याने खळखळून धुवा. एखाद्या जागी वास राहिला तर तिथेच नवं मिश्रण लावा. काळ्या केसांवर किंचित तांबूस छटा येऊ शकते. गळ्यातला पट्टा बहुतेक वेळा टाकूनच द्यावा लागतो, चामड्याचा असेल तर हमखास.

फवाऱ्याने रेबीज होत नाही, चाव्याने होतो, आणि स्कंक हा इथला रेबीज पसरवणारा एक मुख्य प्राणी आहे. चावा किंवा ओरखडा दिसला तर साबणाने धुऊन लगेच पशुवैद्याकडे न्या. लस वेळेवर झालेली असली तरी बूस्टर देतात आणि 45 दिवस लक्ष ठेवायला सांगतात. पुढच्या काही दिवसांत हिरड्या पांढुरक्या पडल्या, लघवी तपकिरी झाली किंवा कुत्रा मलूल झाला तरीही न्याच. क्वचित फवाऱ्याने तांबड्या पेशी फुटतात.

आता डेक. मे-जूनमध्ये मादीला पिल्लं होतात, बहुधा 4 ते 7. ती सुमारे दोन महिन्यांनी आईमागे रात्री बाहेर पडू लागतात. त्याआधी भोक बुजवलं तर पिल्लं आत उपाशी मरतात आणि आई डेकभोवती उकरत, फवारत राहते. थांबायचं ते याचसाठी. पिंजऱ्यात पकडून लांब सोडणं अनेक राज्यांत बेकायदा आहे, आणि भोक उघडं राहिलं तर तिथे दुसरा येतोच.

ऑगस्टमध्ये भोकासमोर मैदा पसरला. तीन-चार रात्री मोठे आणि छोटे दोन्ही ठसे बाहेर जाताना दिसले, तेव्हा वर बिजागरी असलेलं, फक्त बाहेरच्या बाजूला उघडणारं जाळीचं झडप लावलं. बाकीच्या फटी आधीच बंद केल्या होत्या. आठवडाभर झडप ठेवलं. शेवटच्या तीन रात्री आतल्या बाजूच्या मैद्यावर ठसे नव्हते, मगच कायमची जाळी बसवली. अर्ध्या इंचाच्या भोकांची गॅल्व्हनाइज्ड जाळी घ्या. कोंबड्यांची पातळ जाळी गंजते. खाली 12 इंच पुरा आणि तिथून बाहेरच्या बाजूला आणखी 12 इंच आडवी वळवा. प्राणी भिंतीलगत उकरतो, खाली आडवी जाळी लागते आणि सोडून देतो. खणण्याआधी 811 ला फोन करून जमिनीखालच्या गॅस आणि विजेच्या लाइनी आखून घ्या.

स्कंक अंगणात येतो तो मुख्यतः खायला. हिरवळीत दोन-तीन इंचांचे शंकूसारखे खड्डे दिसले की खाली हुमणी, म्हणजे भुंगेऱ्यांच्या अळ्या, आहे असं समजा. आपल्याकडे उसाला लागते तिचीच भावंडं. इथली बरीचशी जपानी भुंगेऱ्याची असते, आणि हा भुंगेरा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो 1916 मध्ये, न्यू जर्सीतल्याच रिव्हरटनला. ऑगस्टच्या शेवटी, अळ्या लहान असताना, हुमणी मारणारे सूत्रकृमी, म्हणजे बारीक धाग्यासारखे कृमी, संध्याकाळी ओल्या जमिनीत सोडले. कंपोस्टमध्ये शिजलेलं अन्न टाकणं आणि पक्ष्यांसाठी भात, पोळीचे तुकडे बाहेर ठेवणं बंद केलं. तळघराच्या खिडकीपुढच्या खड्ड्यात तिरकी खरखरीत फळी ठेवली, कारण पट्टेरी स्कंकला नीट चढता येत नाही.

रात्री आधी दिवा लावतो, दार वाजवतो, दोन मिनिटं थांबतो, मगच कुत्र्याला साखळीसह बाहेर नेतो. पुढचे पाय आपटणं, फिस्कारणं, शेपटी वर करणं हे सगळे इशारे असतात. तेव्हा साखळीला झटका न देता मागे सरायचं, कारण तीन मीटरवरही त्याचा नेम चुकत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात मोठी झालेली पिल्लं नव्या जागा शोधत फिरतात आणि फेब्रुवारीत माजावर आलेले नर. या दोन्ही वेळी मी जाळीची कड टॉर्च घेऊन बघतो. बर्फ असेल तर मैद्याचीही गरज पडत नाही.