ओपिऑइडच्या व्यसनावर नवं औषध का येत नाही?

ओपिऑइड म्हणजे हेरॉइनसारखे, अफूच्या जातीचे पदार्थ. त्यांच्या व्यसनावर मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन आणि नाल्ट्रेक्सोन. मुख्य औषधं तीनच, आणि तिन्ही गेल्या शतकातली. त्यानंतर आलं ते बहुतेक त्यांचंच नवं रूप, जसं महिन्याचं इंजेक्शन. मेंदूचं कोडं अवघड आहेच, पण माझ्या मते गाडं जास्त अडतं ते औषध सुरू करताना आणि त्याचा गुण मोजताना.

नाल्ट्रेक्सोन रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची ओपिऑइड चिकटण्याची जागा, अडवून ठेवतं, त्यामुळे नशा चढत नाही. मात्र अंगात ओपिऑइड असताना ते दिलं, तर उलट्या, जुलाब आणि तगमग एकदम उसळते. म्हणून आधी 7 ते 10 दिवस काहीही न घेता काढावे लागतात, आणि माणसं नेमकी तिथेच गळतात. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत 570 जण होते. ब्युप्रेनॉर्फिन 94 टक्क्यांना सुरू करता आलं, नाल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन जेमतेम 72 टक्क्यांना. ज्यांना सुरू झालं त्यांच्यात पुढे फारसा फरक उरला नाही.

ब्युप्रेनॉर्फिनचीही गंमत आहे. ते रिसेप्टरला घट्ट चिकटतं, आधीच्या ओपिऑइडला हुसकावून लावतं, पण स्वतः अर्धवटच काम करतं. घाई झाली की त्रास औषधानेच सुरू होतो. हेरॉइनच्या बाबतीत साधारण 12 तास थांबणं पुरायचं. फेंटॅनिल हे प्रयोगशाळेत बनणारं, फार तीव्र ओपिऑइड चरबीत साठतं आणि रोज घेणाऱ्याच्या अंगातून सावकाश निघतं, त्यामुळे घड्याळावर भरवसा राहत नाही. मग काही डॉक्टर अर्धा मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने सुरुवात करून ती रोज थोडी वाढवतात.

आता मोजमाप. गुणकारी औषध हाताशी असताना रुग्णाला नुसत्या खोट्या गोळीवर ठेवणं गैर. तुलना चालू औषधाशी करायची तर फरक छोटा दिसतो आणि रुग्ण जास्त लागतात. त्यातले बरेच मधेच येईनासे होतात. न दिलेला लघवीचा नमुना अनेकदा ‘नशा केली’ असाच धरतात. तो माणूस कदाचित कामावर गेलेला असतो.

मंजुरीनंतरही खात्री नाही. लाम (LAAM) हे मेथाडोनसारखंच, आठवड्यातून तीनदा घ्यायचं औषध 1993 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते म्हणून 2003 मध्ये बंद पडलं.

फेंटॅनिलवरच्या लशीचा गाजावाजा मोठा आहे. फेंटॅनिलचा रेणू इतका लहान की प्रतिकारशक्ती त्याची दखलच घेत नाही, म्हणून तो मोठ्या प्रथिनाला जोडावा लागतो. तयार झालेली प्रतिपिंडं फेंटॅनिल पकडतात, हेरॉइन सोडून देतात. तलफ तर त्यांच्या आवाक्यातच नाही.